मीठ, कान आणि आत्याचा तानपुरा

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी, ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, माझी आत्या उशीशी ठेवलेल्या मोबाईलला कान लावून बराच वेळ पडून होती आणि मग माझा हात धरून म्हणाली, “अगं, गंधार येत नाहीये.” मोबाईलवर तानपुरा चालू होता, तिच्या नेहमीच्या काळी चार या पट्टीत लावलेला. आवाज पुरेसा मोठा होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही तो ऐकू येत होता. “जोड येतेय, खर्जही येतोय, पण कुठून तरी लांबून, विहिरीतून आल्यासारखा. गंधार मात्र नाहीच.”

तानपुऱ्याला गंधाराची तार नसते. पहिली तार पंचमात, मधल्या दोन जोडीच्या षड्जात आणि शेवटची खर्जात, एवढाच त्याचा संसार. तरीही जवारी, म्हणजे तारेला झणकार देणारी घोडीची घडण, नीट उघडलेली असली आणि घोडीवर तारेखालचा दोरा नेमक्या जागी बसला असला, की खर्जाची तार छेडल्यावर थोड्या वेळाने, कोणी न लावलेला गंधार त्या नादातून वर येतो. गाणारी माणसे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. काळी चारच्या तानपुऱ्यात खर्जाची तार सेकंदाला सुमारे १०४ वेळा कंप पावते. तिच्या पाचपट, म्हणजे ५२० कंपनांचा जो अंश तिच्याच नादात दडलेला असतो, तो हा गंधार. मूळ नादाच्या मानाने तो फार क्षीण असतो, म्हणून तो ऐकू येणे ही आत्याच्या शिकवणीतली पहिली पायरी होती. नौपाड्यातल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात चाळीस वर्षे मुली गाणे शिकायला येत राहिल्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीला तिने मिरजेच्या त्या जुन्या तानपुऱ्यासमोर बसवून सांगितले, की गंधार कानावर येईपर्यंत तोंड उघडायचे नाही.

मी जीवशास्त्र शिकवते. अकरावी-बारावीच्या वर्गांवर वीस वर्षे होऊन गेली. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, की हा रात्रीच्या इंजेक्शनचा परिणाम असू शकतो आणि बहुधा दिवसभरात ऐकू येणे पूर्ववत होईल, तेव्हा त्यांच्या वाक्यातला एकही शब्द मला नवा नव्हता. परंतु हे सारे मी आजवर तुकड्यातुकड्यांनी शिकवत आले होते. पेशी एका प्रकरणात, उत्सर्जन दुसऱ्यात, ज्ञानेंद्रिये तिसऱ्यात, आणि प्रत्येकाचे गुण वेगळे. आत्याच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्यावर ते तुकडे एकमेकांना येऊन मिळाले, आणि त्यांना जोडणारा पदार्थ होता मीठ.

आत्याचे हृदय सहा वर्षांपासून अशक्त आहे. मीठ जेमतेम, पापड-लोणचे बंद, पाण्याचाही हिशेब, असे तिचे पथ्य. वर्षभर ती ते निष्ठेने पाळते; पण दिवाळीत तिच्या शिष्या डबे घेऊन येतात. भाजणीची चकली, कडबोळी, पातळ पोह्यांचा चिवडा, लसणाची शेव. प्रत्येकीच्या डब्यातले थोडे तरी तोंडात टाकले नाही तर मुलगी हिरमुसेल, असे तिला वाटते, आणि तिचे ते वाटणे मी खोटे म्हणणार नाही. वसुबारसेपासून नरक चतुर्दशीपर्यंत हे चालले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती आडवी होऊ शकेना. उशा एकावर एक रचून बसली, तरी दम लागत होता. पायावर बोट दाबले तर खड्डा पडत होता आणि तो लवकर भरत नव्हता.

मीठ खाल्ल्याने सूज का येते, हे विद्यार्थी परासरण एवढा एक शब्द लिहून मोकळे होतात. खरी गंमत त्या शब्दाच्या आधी आहे. रक्तात आलेले सोडियम पेशींच्या आत जाऊन मुरले असते, तर ते शरीरभर विखुरले गेले असते. पण पेशी त्याला आत टिकू देत नाहीत. जे थोडे आत झिरपते ते त्या सतत बाहेर फेकतात. त्यामुळे जास्तीचे मीठ जवळजवळ सगळे पेशींच्या बाहेरच्या पाण्यात, म्हणजे रक्तात आणि पेशींमधल्या फटींत साठून राहते, आणि जिथे मीठ तिथे पाणी ओढले जाते. सलाईनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते. हाच हिशेब शरीरालाही जवळपास लागू पडतो: मूत्रपिंडांनी बाहेर न टाकलेले दर ९ ग्रॅम मीठ साधारण एक लिटर पाणी अंगात धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. चार दिवसांच्या फराळाने आत्याच्या अंगात किती पाणी साठले असेल, याचा अंदाज मी त्या रात्री रिक्षात बसल्या बसल्या करत होते आणि तो मला करवत नव्हता.

सोडियम बाहेर फेकणारे हे यंत्र सापडले ते खेकड्यांमुळे. डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथले येन्स स्कौ हे मूळचे डॉक्टर. भूल देणारी औषधे चेतातंतूंवर नेमके काय करतात हा त्यांचा विषय. त्यासाठी ते किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतल्या चेता काढून घेत, कारण त्या चेतांवर चरबीचे आवरण नसते आणि पटल विपुल मिळते. त्या पटलातले एक विकर एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू मोडते, पण सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हजर असतील तेव्हाच जोमाने, हे त्यांच्या लक्षात आले आणि १९५७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. तोच सोडियम-पोटॅशियम पंप. एटीपीचा एक रेणू मोडून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला खेकडे घ्यायला गेले, की टोपलीतल्या त्यांच्या पायांकडे पाहताना मला हटकून स्कौंची आठवण होते. त्या काळसर हिरव्या पायांच्या आत, खाडीच्या खाऱ्या पाण्यापेक्षा वेगळे काहीतरी जपून ठेवण्याचे काम अखंड चाललेले असते.

‘तीन बाहेर, दोन आत’ ही ओळ मुले पाठ करतात. तिचे मोल मात्र फार मोठे आहे. माणूस नुसता पडून असतानाही त्याच्या ऊर्जेचा अंदाजे पाचवा ते चौथा हिस्सा या एकाच कामावर खर्च होतो. आत्या त्या खाटेवर डोळे मिटून पडली होती, काही करत नव्हती असे पाहणाऱ्याला वाटले असते. आणि तरीही तिची पेशीन् पेशी सोडियम बाहेर काढत होती.

या खर्चासाठी लागणारे चलन, म्हणजे एटीपी, १९२९ साली स्नायूंमधून वेगळे करण्यात आले. जर्मनीत कार्ल लोहमान यांनी, आणि त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक असायला हवे असे मला मनापासून वाटते, आणि मी दरवर्षी ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. आपल्या शरीरात कोणत्याही क्षणी फार तर पाव किलो एटीपी असते, परंतु तेच पुन्हा पुन्हा मोडून आणि पुन्हा पुन्हा जोडून, दिवसभरात जवळपास आपल्या वजनाइतके वापरले जाते. हा साठा करून ठेवण्याचा पदार्थ नव्हे; तो सतत फिरत राहावा लागतो.

ते जोडले कसे जाते, याचे उत्तर पीटर मिचेल यांनी १९६१ साली दिले आणि पुढची कित्येक वर्षे बहुतेकांनी ते मानले नाही. अन्नातून निघालेली ऊर्जा थेट कोणत्या तरी रसायनात बंद होत असणार, असे समजून सगळे त्या रसायनाच्या शोधात होते. मिचेल म्हणाले, असे रसायनच नाही. ऊर्जा पटलाच्या दोन बाजूंमधल्या फरकात आहे. तंतुकणिकेचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराचे, आतले पटल प्रोटॉन एका बाजूला ढकलते, तिथे त्यांची दाटी होते, आणि परत येण्याच्या त्यांच्या ओढीवर एटीपी तयार होते. प्रकृतीच्या तक्रारीमुळे एडिंबरा विद्यापीठ सोडून त्यांनी कॉर्नवॉलमधला एक मोडकळीला आलेला वाडा दुरुस्त केला, तिथेच आपली छोटी प्रयोगशाळा थाटली आणि जेनिफर मॉयल यांच्यासोबत काम चालू ठेवले. १९७८ साली रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले.

प्रोटॉन परततात ते एका फिरत्या रेणूमधून. त्याची चाकासारखी रचना पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांच्या कामातून उलगडली, आणि १९९७ साली रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या दोघांना, उरलेला अर्धा स्कौंना मिळाला. चलन घडवणारे आणि चलन खर्चणारे यंत्र एकाच वर्षी, एकाच मंचावर आले. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी त्या रेणूच्या आसाला एक चमकणारा तंतू चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष गरगरताना दाखवला. एका फेऱ्यात तीन एटीपी, आणि मोकळेपणी फिरू दिला तर सेकंदाला शंभराहून अधिक फेरे. पांढरी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा सेकंदाला सुमारे १३१ वेळा कंप पावतात. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही कार्यकारण संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरीही वर्गात मी तो उल्लेख करते, कारण सेकंदाला शंभर फेरे म्हणजे किती, हे आकड्याने कळत नाही. पुरुष गायकाच्या षड्जाची कल्पना करा म्हटले, की मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलते.

आत्याच्या गोळ्यांच्या डबीत एक पांढरी छोटी गोळी आहे, डिगॉक्सिनची. इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांनी अंगावरची सूज उतरते, याची आपली टिपणे छापली. डिगॉक्सिन त्याच कुळातल्या झाडापासून मिळते. ते हृदयाच्या पेशींतला सोडियम पंप थोडासा अडवते. मग आत सोडियम किंचित वाढते, त्यामुळे कॅल्शियम बाहेर जाणे मंदावते, आणि कॅल्शियम अधिक राहिल्याने हृदय जरा जोर लावून आकसते. मात्रा थोडी वाढली, की तेच विष. आपल्याकडची कण्हेर आणि पिवळी बिट्टी याच तऱ्हेने विषारी आहेत. ज्या फुलांनी आपण देवाची परडी भरतो आणि महामार्गाच्या दुभाजकांवर जी झाडे फोफावलेली दिसतात, त्यांच्या चिकात हाच पंप बंद पाडणारी द्रव्ये असतात. आत्याच्या खिडकीखाली कण्हेर आहे. वनस्पतींच्या एकाच गुणाने मारावे आणि त्याच गुणाने सावरावे, यापुढे मी दर वेळी थबकते.

मिठाला खलनायक ठरवून मला हा लेख पुढे न्यायचा नाही. पंपाने सोडियम बाहेर काढून ठेवले, की ते आत परतायला उतावीळ असते, आणि त्याच्या या ओढीवर पेशी कितीतरी कामे फुकटात करून घेते. आतड्याच्या पेशी आत येणाऱ्या सोडियमच्या जोडीने साखर आत ओढतात. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्राग इथे मांडली. साखर आणि मीठ दोन्ही असली, की त्यांच्यामागून पाणीही शोषले जाते, आणि पटकीनेसुद्धा ही वाट बंद होत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटले. जिथे शंभरांतले तीस रोगी दगावत होते तिथे ते प्रमाण चारच्या खाली आले. जे मीठ आत्याच्या फुप्फुसांत पाणी भरत होते त्याच मिठाने तिथे हजारोंच्या अंगात पाणी धरून ठेवले. फरक फक्त इतकाच, की तिथल्या रोग्यांची मूत्रपिंडे आणि हृदये दिलेल्या पाण्याचे काय करायचे ते जाणत होती.

आत्याची मूत्रपिंडे त्या रात्री मंदावली होती. एरवी दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीडेक लिटर सोडून बाकीचा परत घेतात. त्या गाळलेल्या द्रवात सुमारे दीड किलो मीठ असते, आणि चमचा-अर्ध्या चमच्याचा अपवाद वगळता तेही सगळे परत येते. परत घेण्याच्या वाटेवर, मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळीच्या हेन्लेच्या वळशात, एक वाहक प्रथिन बसलेले आहे: एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराईड, असे चौघांना एकत्र घेऊन ते आत जाते. ते स्वतः एटीपी मोडत नाही. पंपाने निर्माण केलेल्या सोडियमच्या ओढीवरच ते चालते. फ्युरोसेमाईड हे इंजेक्शन नेमके याच प्रथिनाला अडवते. मीठ परत घेता आले नाही, की ते लघवीत जाते आणि आपल्यासोबत पाणी घेऊन जाते. पहिल्या मात्रेने पुरेसा उपयोग होईना, म्हणून डॉक्टरांनी लगेच दुसरी, मोठी मात्रा दिली. पहाटेपर्यंत पिशवी दोनदा रिकामी करावी लागली. आत्या दोन उशांवर टेकून झोपली. तिच्या श्वासाचा आवाज साधा झाला, तो ऐकत मी खिडकीतून बाहेर पाहत होते. तलावपाळीच्या दिशेने उठणारे फटाके आणि त्यांच्यामागून कुठल्या तरी पाडवा पहाटेच्या ध्वनिक्षेपकाची चाचणी, एवढेच जाग आल्यासारखे होते. आत्याने ती पहाट आजवर क्वचितच चुकवली असेल.

आणि मग तिला जाग आली, आणि गंधार नव्हता.

कानाच्या आत, कवटीच्या सर्वांत कठीण हाडात, गोगलगायीच्या शंखासारखा अडीच-पावणेतीन वेढ्यांचा एक अवयव असतो, कॉक्लिया. उलगडला तर साडेतीन सेंटीमीटर लांबीचा. त्यात द्रवाने भरलेल्या वेगवेगळ्या नळ्या आहेत, आणि त्यांतल्या मधल्या नळीतला द्रव शरीराच्या सगळ्या नियमांना अपवाद आहे. पेशींच्या बाहेर सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी, हा सर्वत्रचा रिवाज. इथे मात्र पेशीबाहेरच्या द्रवात पोटॅशियम पेशीच्या आतल्याइतकेच भरलेले आणि सोडियम जवळजवळ नाही. शिवाय त्या द्रवाचा विद्युतदाब भोवतालापेक्षा सुमारे ८० मिलिव्होल्टने अधिक असतो. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी तो १९५२ साली मोजला. हे बेकेशी मूळचे हंगेरीच्या टपाल खात्यातले दूरध्वनी संशोधक. दूरध्वनी सुधारायचा तर आधी ऐकणारा कान समजून घ्यायला हवा, या सरळ विचाराने ते कानापर्यंत आले आणि १९६१ साली वैद्यकाचे नोबेल त्यांना मिळाले.

त्या नळीत डोके बुडवून केशपेशी उभ्या असतात. त्यांच्या माथ्यावर उतरत्या पायऱ्यांसारखे सूक्ष्म केस, आणि एका केसाच्या टोकापासून शेजारच्या उंच केसापर्यंत ताणलेला एक अतिसूक्ष्म धागा. हे धागे १९८४ साली प्रथम दिसले. तारेची कंपने हवेतून, कानाच्या पडद्यावरून, तीन इवल्या हाडांतून या द्रवापर्यंत पोहोचली, की केस कलतात, धागा ताणला जातो आणि त्याला बांधलेली झडप उघडते. मग त्या भरलेल्या द्रवातून पोटॅशियम पेशीत कोसळते. बाहेर अधिक ८०, आत उणे ६०-७०. सुमारे दीडशे मिलिव्होल्टचा हा उतार, टॉर्चच्या एका सेलच्या दहाव्या भागाइतका. तंतुकणिकेच्या पटलावर प्रोटॉनसाठी असतो तोही जवळपास एवढाच. अत्यंत क्षीण नाद ऐकताना त्या केसांची हालचाल अणूच्या आकाराच्या मापाची असते, आणि तरीही झडप उघडते. कारण तिला फक्त उघडायचे असते, ढकलायचे काम उताराने आधीच पत्करलेले असते.

आधीच, हा शब्द मला इथे महत्त्वाचा वाटतो. ऐकण्याच्या क्षणी एटीपी मोडून पोटॅशियम आत घेत बसले, तर सेकंदाला ५२० कंपनांचा माग कुठलीही पेशी ठेवू शकली नसती. सोडियम पंपाचे एक आवर्तन व्हायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. म्हणून खर्च आधी केला जातो आणि तोही दुसऱ्याच ठिकाणी. कॉक्लियाच्या बाजूच्या भिंतीत रक्तवाहिन्यांनी गजबजलेला एक पट्टा आहे, तो रात्रंदिवस पोटॅशियम उपसून त्या नळीत भरत राहतो, आणि केशपेशी स्वतः रक्तवाहिन्यांपासून दूर, शांत जागी बसतात. रक्ताच्या प्रवाहाचाच आवाज त्यांनी ऐकू नये म्हणून ही मांडणी असावी, असे मानले जाते. मैफलीत तानपुरा लावणारे मागे बसतात, त्यांची बोटे कोणी पाहत नाही, पण ती थांबली तर समोरचा गाणारा एका श्वासात उघडा पडतो. त्या पट्ट्याचे काम मला तसे दिसते.

आणि त्या पट्ट्यात पोटॅशियम उपसायला पंपाच्या जोडीला जे वाहक प्रथिन आहे, ते हेन्लेच्या वळशातल्या वाहकाचे सख्खे भावंड: तेच एक सोडियम, एक पोटॅशियम, दोन क्लोराईड. फ्युरोसेमाईडला या दोघांतला फरक नीटसा कळत नाही. म्हणूनच ते शिरेतून सावकाश द्यावे लागते, आणि मूत्रपिंडे मंद असली की ते रक्तात जास्त काळ राहून कानापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. पोहोचले, तर कानाचा एकही अवयव तुटत नाही. फक्त तो भरलेला उतार सपाट होऊ लागतो. झडपा उघडतात, पण आत कोसळायला पूर्वीचा जोर नसतो. मोठे नाद लांबून येतात, क्षीण नाद येतच नाहीत. खर्ज राहतो आणि गंधार जातो.

प्रत्येक कानात बाहेरच्या बाजूला तीन रांगांत उभ्या असलेल्या आणखी सुमारे बारा हजार केशपेशी असतात, त्यांचे काम ऐकण्यापेक्षा साथ देण्याचे. विद्युतदाब बदलला की त्या लांबीने कमी-जास्त होतात, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या नाचाने क्षीण कंपनांना उचलून धरतात. हे करणारे प्रथिन २००० साली सापडले आणि शोधकर्त्यांनी त्याला नाव दिले प्रेस्टिन, पाश्चात्त्य संगीतातल्या प्रेस्तो या अतिजलद लयीवरून. आपल्याकडे सापडले असते तर द्रुत लयीवरून नाव पडले असते. हा नाचही त्याच उताराच्या जिवावर चालतो. उतार गेला, की साथही मंदावते, आणि गंधारासारख्या दुबळ्या स्वराला उचलून धरणारे कोणी उरत नाही.

आत्याला मी हे सगळे सांगितले नाही. तिने विचारले तेवढेच सांगितले, की कानात पोटॅशियमची एक टाकी असते, ती औषधाने थोडी रिकामी झाली आहे, आणि ती भरते आहे. ती म्हणाली, “म्हणजे तार उतरलीय, तुटलेली नाही.” मी वीस वर्षांत वर्गात इतके नेमके वाक्य बोललेले नाही.

तुटलेल्या तारेबद्दल इथे सांगितलेच पाहिजे. माणसाच्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात, आपल्या नाही. दोन्ही कानांचे मिळून ऐकणाऱ्या आतल्या पेशी अवघ्या सात हजार. जन्माच्या वेळी मिळालेल्या तेवढ्याच पुरवायच्या. माझ्या वर्गातली चार-पाच मुले ढोल पथकात आहेत. गणपतीच्या आधी दोन महिने खाडीकाठच्या मैदानावर त्यांचा सराव चालतो, आणि त्यांच्या वादनात जो जोश आहे त्यावर माझे प्रेम आहे. तरीही मी दर ऑगस्टमध्ये त्यांना फोमचे कर्णबोळे आणून देते आणि आकडा सांगते: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ढोलाजवळ उभ्या असलेल्या माणसाला मिनिटांत मोजावा लागेल एवढाच वेळ त्यातून उरतो. सरावानंतर रात्री कानात शिट्टी वाजत राहते असे एका मुलीने सांगितले, त्या दिवशी मी शिकवणे थांबवून तासभर एवढेच बोलत होते.

पाडव्याचा दिवस तसाच गेला. रक्तातले पोटॅशियम तपासले, ते थोडे उतरले होते. फ्युरोसेमाईड मिठासोबत त्यालाही घेऊन जाते. पंपावर डिगॉक्सिन जिथे बसते तिथे पोटॅशियमची अडचण असते, पोटॅशियम कमी झाले की गोळीला रान मोकळे मिळते. म्हणून डॉक्टरांनी त्या दिवशीची पांढरी गोळी थांबवली आणि पोटॅशियमचे गोडसर औषध पाण्यातून द्यायला सांगितले. आत्याने संध्याकाळी दोनदा मोबाईल कानाशी नेला आणि काही न बोलता खाली ठेवला. मीही विचारले नाही.

भाऊबीजेला सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जिना चढून आल्यावर पाच मिनिटे खुर्चीत बसून राहिले. आत्याच्या नाकाला प्राणवायूची नळी होती, त्यामुळे निरांजन लावता येणार नव्हते. मी स्टीलच्या ताटलीत हळद-कुंकू, चिमूटभर अक्षता, सुपारी आणि माझ्या बोटातली अंगठी ठेवली. आत्याने बसल्या बसल्या अण्णांना कुंकू लावले, अंगठी-सुपारीने ओवाळले, आणि हात कापत होता तरी ताटली सोडली नाही. अण्णांनी पिशवीतून साडीची घडी काढली आणि तिच्याखालून लक्ष्मीपूजनातल्या साळीच्या लाह्यांचा डबा. “बिनमिठाच्या आहेत,” ते म्हणाले, “तुझ्या वहिनीने वेगळ्या काढून ठेवल्या होत्या.” आत्या एकेक लाही उचलून खात होती.

मग तिने मोबाईलवर तानपुरा लावला, आवाज बराच कमी केला आणि डोळे मिटले. खर्जाची तार चार-पाच वेळा येऊन गेली असेल.

“रात्री दोनच्या सुमारास आला,” ती म्हणाली. “तुला उठवणार होते, पण तू झोपली होतीस.”

अण्णांनी विचारले, “काय आला?”

तिने मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी थोडा वेळ ऐकले आणि मान हलवली. त्यांना नुसता खर्जच येत होता. “थांब अण्णा, बोलू नकोस,” आत्या म्हणाली, आणि मोबाईल तसाच धरून राहिली.